जबडा मोडलेल्या माणसानं बोलू नये

वडिवळ्याचा हौशीराम लोणावळ्याच्या इंजिनशेडात हरकाम्या खलाशी होता, पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते दुखणाईत म्हणून. तसा तो धडधाकट गडी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकदा पडसं झालं असेल-नसेल. तरी मांडी त्याची पन्नास वेळा मोडली, साप त्याला दर पावसाळ्यात चावला, आणि इंद्रायणीत पोहता येत असूनही तो निदान वीसदा बुडाला.

हे सुरू झालं एकोणीसशे चोवीस साली. घाटात काही अपघात झाला तर डॉक्टर पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून गार्ड, कारकून, फिटर अशा सगळ्यांनी प्रथमोपचार शिकावेत असा रेल्वेचा हुकूम निघाला. शिकवायचं काम आलं रेल्वे दवाखान्यातल्या चिंतामणी डॉक्टरांकडे. हे तळेगावचे, अंगानं किरकोळ, चष्म्यातून बारीक डोळ्यांनी बघणारे, आणि बोलायला लागले की गाडी सुटली तरी न थांबणारे. दर गुरुवारी संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. सगळं जमलं, मोडलेल्या हाडाला बांधायच्या खपच्या आल्या, त्रिकोणी पट्ट्या आल्या, पण पेशंट व्हायला कुणी तयार होईना. एकाचं धोतर नुकतंच धुवून आलेलं. दुसऱ्याच्या आईनं बजावलेलं, की मेल्याचं सोंग घेतलं तर आयुष्य उणं होतं. गंगाधरपंत गार्ड तर म्हणाले, "मी जमिनीवर आडवा झालो आणि माझ्या हाताखालच्या माणसानं पाहिलं, तर उद्या गाडीला झेंडी कोणत्या तोंडानं दाखवू?"

डॉक्टर वैतागून दाराशी आले. तिथं पाण्याची बादली घेऊन आलेला हौशीराम भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. डॉक्टरांनी खूण केली. चौघांनी त्याला अलगद उचलून आत निजवलं, पायाला खपच्या लावल्या, गाठी मारल्या, सोडल्या, पुन्हा मारल्या. हा जागा झाला नाही. तासाभरानं डोळे उघडले, बांधलेल्या पायाकडे बघितलं आणि त्यानं शांतपणे विचारलं, "साहेब, म्या कवा पडलो?"

डॉक्टरांना माणसाची पारख होती. त्या दिवसापासून दर गुरुवारी हौशीरामला शेडातून सुट्टी मिळू लागली.

त्यानं ते काम मनावर घेतलं. गळ्यात दुखण्याची चिठ्ठी अडकवायची पद्धत होती. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून डॉक्टर आदल्या दिवशीच कानात सांगायचे. बरगडी मोडली असं सांगितलं तर तो सकाळपासूनच श्वास बेतानं घ्यायचा. बुडायचं असेल त्या दिवशी घरून अंघोळ करून अंग न पुसता यायचा. एकदा एका कारकुनानं चुकून भलताच पाय बांधायला घेतला, तर बेशुद्ध पडलेला हौशीराम ओठ न हलवता पुटपुटला, "रावसाहेब, डावा मोडलाय, डावा."

डोळे मिटून पडलेल्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. शिकणारे येत, पास होत, बदलून जात. हौशीराम मात्र तेच व्याख्यान दहा वर्षं ऐकत पडला. घेरी आलेल्याचे पाय उंच करावेत, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, फेफऱ्याच्या माणसाला दाबून धरू नये, हे त्याला नाव-गावासारखं पाठ झालं.

एका गुरुवारी वर्ग अर्ध्यावर असताना स्पेशल गाडीची घंटा झाली आणि झाडून सगळे गार्ड स्टेशनाकडे पळाले. हौशीरामच्या डोक्याला पट्टी, हात झोळीत. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय गाठ सोडायची नाही हा नियम, आणि डॉक्टर त्याच गाडीबरोबर पुढं गेलेले. घरी जायची गाडी चुकू नये म्हणून तो तसाच कामशेतला उतरला आणि वडिवळ्याच्या वाटेला लागला. वेशीवर पोचेतो इंजिन फुटल्याची बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती. बायकांनी गळा काढला. त्याच्या मामाला सांगायला एक माणूस धावला. हौशीराम सांगतोय, "आरं, मला काय झालं न्हाई," तर जो तो म्हणे, "डोक्याला मार हाय, बरळतोय."

शेवटी त्यानं चौकात उभं राहून सगळ्या पट्ट्या सोडून दाखवल्या. तेव्हा गाव खरं रागावलं. बयाबाई म्हणून एक तोंडाळ म्हातारी होती, ती म्हणाली, "येवढं रडून माजा घसा बसला, आन तुला साधं खरचटलंबी न्हाई?" ज्यांनी त्याच्यासाठी अंडी आणली होती त्यांनी ती परत नेली. त्याची बायको सरुबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली ते एवढंच: "आवं, एक डाव काय ते खरंखुरं पडा. न्हाईतर हा धंदा सोडा."

पण धंदा सुटणारा नव्हता, कारण आता त्यात डॉक्टरांचं गुपित शिरलं होतं.

झालं असं. डॉक्टर अलीकडे वाळले होते, सारखं पाणी पीत. एका संध्याकाळी वर्ग सुटला, सगळे गेले, डॉक्टर पट्ट्यांच्या घड्या करत होते. एकाएकी त्यांचे हात थरथरायला लागले. थंडीच्या दिवसांत कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. चष्म्यावरून हौशीरामकडे बघत ते संतापून म्हणाले, "हौशीराम, घोडा बाहेर बांध. हॉलमध्ये घोडा आणायची परवानगी नाही."

हौशीरामनं मागं वळून पाहिलं. घोडा नव्हता. पण साहेबाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो दारापर्यंत जाऊन लगाम सोडल्यासारखं करून आला. तोवर डॉक्टरांनी कसाबसा खिशात हात घालून साखरेचे खडे तोंडात टाकले होते. पाव तासानं ते माणसात आले.

"मला मधुमेह आहे," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी नवं औषध टोचून घेतो. त्यानं रक्तातली साखर उतरते. पण टोचून घेतलं आणि वेळेवर जेवलो नाही, तर ती फारच उतरते. मग घाम फुटतो, हात कापतात, आणि माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो. असं पुन्हा दिसलं तर माझ्या तोंडात साखर घाल. मी नको म्हणेन, शिव्या देईन, तरी घाल. मात्र मला शुद्ध हवी, गिळता यायला हवं. शुद्ध गेली असेल तर काहीसुद्धा तोंडात घालू नकोस, गुदमरेन. कुशीवर निजव आणि धावत जाऊन दुसरा डॉक्टर आण."

"आन घोडा?"

"घोड्याचं मनावर घेऊ नकोस. आणि हे कुणाला सांगू नकोस. वर कळलं तर मला घरी बसवतील."

हौशीरामनं गळ्याची शपथ घेतली.

मग आली चौतीस सालची जानेवारीतली परीक्षा. मुंबईहून परीक्षक यायचे होते, एक म्हातारे कर्नलसाहेब. फौजेत डॉक्टर होते, पण चिंतामणी डॉक्टरांचं ते टोचायचं नवं औषध निघायच्या आधीच पेन्शनीत निघालेले. त्यांची गाडी नऊला यायची, ती आली साडेबाराला, आणि आधी परीक्षा, मग जेवण, असं त्यांनी उतरताच सांगितलं. चिंतामणी डॉक्टरांनी सकाळी आठलाच सुई घेतली होती, आणि जेवण परीक्षकांबरोबर करायचं म्हणून ते थांबले होते. पाहुण्यांसाठी नवा कोट घातला होता. साखर राहिली जुन्या कोटात.

गंगाधरपंतांची ही तिसरी खेप. पास झाल्याशिवाय मेल गाडी मिळणार नव्हती. हौशीरामच्या गळ्यात चिठ्ठी पडली: गाडीतून पडला, उजवी मांडी, गळ्याजवळची डावी हासळी आणि खालचा जबडा मोडला. पंतांनी त्या दिवशी कमाल केली. काखेपासून टाचेपर्यंत लांब फळी बांधली, डावा हात झोळीत घातला, आणि हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर अशी घट्ट गाठ मारली की हौशीरामचे दात एकमेकांत रुतले. मोकळा राहिला तो फक्त उजवा हात. मग त्याला स्ट्रेचरवर घालून भिंतीकडेला ठेवला. साहेब शेवटी येऊन तपासणार होते.

तोंडी परीक्षा सुरू झाली. प्रश्न डॉक्टरांनी विचारायचे, कर्नलसाहेबांनी मार्क मांडायचे.

"साप चावला तर काय कराल?" डॉक्टरांनी विचारलं.

पंतांनी सगळं बिनचूक सांगितलं.

"आणि सापाला माणूस चावला तर?"

पंतांनी मनाशी म्हटलं, वरिष्ठांनी विचारलंय म्हणजे उत्तर असणारच. "सापाला... धीर द्यावा," ते म्हणाले. "आणि त्याला फार हालचाल करू देऊ नये."

कर्नलसाहेब खूश झाले. "प्रसंगावधान!" म्हणत त्यांनी काहीतरी लिहिलं.

हौशीरामनं स्ट्रेचरवरून मान तिरकी केली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम चकाकत होता.

डॉक्टर टेबलाकडे वळले. "हे टेबल सकाळपासून उभं आहे. पाय सुजलेत त्याचे. बांधा."

चार उमेदवारांनी टेबलाचे चार पाय वाटून घेतले आणि पट्ट्या गुंडाळल्या. कर्नलसाहेब वाकून प्रत्येक गाठ बघत होते. त्यांना वाटलं, ही इथली काही नवी पद्धत असावी. "गाठ चपटी आहे, छान," ते म्हणाले. "या पायाची जरा सैल आहे. बोटं गार पडतील."

"माझा घोडा कुठंय?" डॉक्टर ओरडले.

आता हौशीरामला संशय उरला नाही. त्यानं उजवा हात वर केला. घशातून "ऊंऊं" असा आवाज काढला. डॉक्टरांकडे बोट केलं, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला साहेबांसाठी चहाचा ट्रे ठेवला होता त्यातल्या साखरेच्या भांड्याकडे केलं. गंगाधरपंत लगबगीनं आले. "जबडा मोडलेल्याला चहा मिळत नाही," ते मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मग कानाशी लागले, "हौशीराम, पाया पडतो तुझ्या. आणखी पाच मिनिटं. मेल गाडीचा प्रश्न आहे."

हौशीराम मोठ्या पेचात पडला. दहा वर्षांत हॉलमध्ये त्यानं एकदाही पट्टी सोडली नव्हती. पेशंटनं मधेच उठायचं म्हणजे गार्डनं चालती गाडी सोडून उतरण्यासारखं. शिवाय शपथ घेतलेली. बोलावं तर डॉक्टरांची नोकरी जाते, न बोलावं तर डॉक्टर जातात.

तेवढ्यात डॉक्टर झोकांडी खाऊन खाली बसले आणि पायातला बूट काढून कानाला लावून बघू लागले.

"वा!" कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली. "अचानक आलेलं दुखणं! हे पत्रकात नव्हतं. चला, ओळखा!"

उमेदवार तुटून पडले. एकानं ठरवलं, ऊन लागलं. बाहेर बोचरी थंडी होती, तरी त्यानं ओला टॉवेल आणून डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्यानं ठरवलं, धक्का बसलाय, ऊब हवी, म्हणून मानेखालून पायापर्यंत घोंगडी गुंडाळली. तिसऱ्यानं तोंडाचा वास घेतला आणि साहेबांच्या कानात अदबीनं सांगितलं, "दारू." साहेबांनी तेही लिहून घेतलं. खुद्द डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. परीक्षेत पेशंटला विचारायची रीत नव्हती.

हौशीराम स्ट्रेचरवरून लोळत खाली आला, भिंतीला धरून उभा राहिला, आणि फळी बांधलेला पाय ताठ ठेवून दुसऱ्या पायावर उड्या मारत निघाला. ठक, ठक, ठक.

"मांडी मोडलेला पेशंट चालतोय!" साहेब गरजले.

गंगाधरपंत स्ट्रेचर उचलून त्याच्यामागं धावले. दुसरं टोक धरायला दुसरा एक जण धावला. पुढं हौशीराम, मागं स्ट्रेचर, अशी वरात टेबलाला एक फेरा घालून चहापाशी आली. हौशीरामनं साखरेचं भांडं काखोटीला मारलं, हनुवटीची पट्टी ओढून खाली केली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये मोठ्यानं बोलला.

"सरका समदे! साखर पायजे त्यांना, साखर!"

साहेबांनी पेन्सिल उचलली. "जबडा मोडलेल्या माणसानं बोलू नये. दोन मार्क वजा."

हौशीराम डॉक्टरांपर्यंत पोचला, पण फळीमुळं त्याला बसता येईना. म्हणून तो ओंडक्यासारखा आडवा पडला. दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"डॉक्टरसाहेब, माज्याकडं बगा. म्या कोन हाय?"

डॉक्टरांनी निरखून पाहिलं. "घोडा."

"व्हय, घोडा. थुका गिळून दावा बरं."

डॉक्टरांनी थुंकी गिळून दाखवली. गिळता येत होतं. हौशीरामनं साखरेची चिमूट पुढं केली, तर त्यांनी तोंड फिरवलं. "मी ड्यूटीवर खात नाही."

"ही तुमची न्हाई, घोड्याची दवा हाय. डॉक्टरनं आदी चाखून बगायची, मंग घोड्याला द्यायची. तुमीच न्हाई का सांगितलं?"

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं, पण त्या घडीला त्यांना पटलं. ते चाखू लागले. चिमटीचिमटीनं अर्धं भांडं संपलं. मग हौशीरामच्या हुकमावरून पंतांनी साखर ढवळून चहा आणला, तो घोट घोट पाजला. सगळे भोवती उभे.

बारा-पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. घोंगडीकडे पाहिलं. हातातल्या बुटाकडे पाहिलं. मग समोरच्या टेबलाकडे.

"टेबलाला काय झालं?"

"सूज, साहेब," गंगाधरपंत म्हणाले.

कर्नलसाहेब पुढं आले. "हा काय प्रकार? याला काय झालं होतं?" प्रश्न हौशीरामला होता. हौशीरामनं साहेबांकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि मुकाट्यानं जबड्याची पट्टी पुन्हा वर चढवली.

डॉक्टरांनीच सगळं सांगून टाकलं. सुई, जेवण, जुना कोट, लपवाछपवी. ऐकताना म्हाताऱ्या साहेबांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी वही उघडली, 'दारू' हा शब्द खोडला, नीट वाचता येऊ नये इतका खोडला. मग उमेदवारांना विचारलं, "हा माणूस शेवटचं कधी जेवला, हे कुणी विचारलंत?" कुणी विचारलं नव्हतं. "मीही नाही," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

त्यांनी अहवालात लिहिलं, की या डॉक्टरांचं जेवण कुणाही साहेबासाठी खोळंबू नये. डॉक्टरांची नोकरी राहिली. गंगाधरपंत पास झाले, कारण सापाच्या आणि टेबलाच्या प्रश्नाला त्यांना पुरे मार्क होते. हौशीराम बोलल्याचे दोन मार्क मात्र साहेबांनी परत दिले नाहीत. नियम तो नियम.

जाताना ते म्हणाले, या खलाशाला पुढच्या साली परीक्षेला बसवा. बसवला. तो साफ नापास झाला. "रस्त्यात बेशुद्ध माणूस दिसला तर पहिल्यांदा काय कराल?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "गप पडून ऱ्हाईन." का, तर हललं की मार्क जातात. पट्टी बांधायला सांगितली तर त्यानं सवयीनं आपलाच पाय पुढं केला. चिंतामणी डॉक्टर हळहळले. हौशीराम मात्र दुसऱ्या गुरुवारी बेशुद्ध पडायला मिळालं म्हणून खुशीत होता.

चार वर्षांनी कामशेतच्या बाजारात तो आणि सरुबाई मीठमिरची घ्यायला गेले होते. तिथं नथू म्हणून नाणे गावचा एक गुराखी गडी एकदम ताठ झाला, कोसळला आणि हातपाय झाडू लागला. तोंडाला फेस. क्षणात गर्दी झाली. बयाबाईनं कांदा फोडला. दोघांनी पायताणं काढली हुंगवायला. एक जण दातांत पळी घालायला निघाला, दुसरा नथूच्या छातीवर बसायच्या बेतात.

हौशीराम मधे घुसला. नथूच्या डोक्याजवळचा दगड बाजूला केला, आपल्या पटक्याची घडी त्याच्या डोक्याखाली सारली. "धरू नगा त्याला! तोंडात काय घालू नगा! झटकं आपसूक थांबत्यात!"

"तू गप," बयाबाई म्हणाली. "तू तर नापास झालास."

गर्दी पुन्हा आवळली. हौशीरामनं जरा विचार केला. मग सरुबाईच्या कानाशी लागला, "अगं, त्याच्यापाशी बस. झटकं थांबलं की कुशीवर कर. बाकीच्यांचं म्या बगतो."

तो वीस पावलं लांब मोकळ्या जागेत गेला, त्यानं "आई गंऽऽ" करून अशी काही किंकाळी फोडली आणि असा काही आपटला, की बाजारातल्या म्हशी बुजल्या. इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं त्यानं ओतलं. डोळे पांढरे केले, फेस आणला, टाचा आपटल्या. लोकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हे फेफरं जास्त जोरात होतं. कांदा, पायताणं आणि पळी घेऊन सगळे तिकडं पळाले.

नथूजवळ सरुबाई एकटी उरली. त्याचे झटके थांबले. तिनं त्याला कुशीवर वळवलं, पदरानं फेस पुसला. थोड्या वेळानं तो उठून बसला, इकडंतिकडं बघत म्हणाला, "मावशे, ती गर्दी कसली?"

"फेपरं आलंय कुनाला तरी."

ती नको म्हणत असताना नथू डुलत डुलत उठला. गर्दीत मान घालून त्यानं बघितलं, आपल्या पायातलं पायताण काढलं आणि माणसं बाजूला सारत म्हणाला, "आरं सरका, सरका! ह्यो रोग मला ठावं हाय. हे हुंगवा त्याला!"

तोंडावर कांदा चोळला जात असतानाच हौशीरामनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. नथू पायांवर उभा आहे, बोलतोय, पायताण पुढं करतोय. मग त्यानं तो डोळा मिटला, पायताण हुंगलं आणि फेफरं थांबवलं.

लोक म्हणाले, "बगा, उतरलं का न्हाई?"

घरी जाताना सरुबाईनं त्याला इंद्रायणीवर थांबवलं आणि स्वतःच्या हातानं वाळू लावून त्याचं तोंड तीनदा धुतलं, तरी कांद्याचा वास दोन दिवस गेला नाही.